वाफेच्या नादी लागलेला माणूस

मी बीड जिल्ह्यातल्या कड्याचा. आमच्या गावात रेल्वे यायला २०२२ साल उजाडावं लागलं. तोवर देशातली बहुतेक वाफेची इंजिनं म्युझियममध्ये जाऊन बसली होती. यंदा वर्कशॉपमध्ये आम्ही चौघांनी अशाच इंजिनाचं छोटं मॉडेल करायला घेतलं. तयार किट विकत घ्या, कशाला लेथवर घाम गाळता, असा सल्लाही मिळाला. पण पार्ट स्वतःच करायचे ठरले आणि त्या नादात मला एक थोर माणूस सापडला. अर्देशीर कर्सेटजी वाडिया!

अर्देशीर यांचा जन्म १८०८ चा. घराणं जहाजं बांधणाऱ्या पारशी कारागिरांचं. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले. या घराण्याने सागवानात बांधलेली, १८१७ ची 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे. अर्देशीरही १८२२ मध्ये, ऐन पोरवयात, गोदीत कामाला लागले.

पण काळ बदलत होता. १८२९ मध्ये मुंबईत 'ह्यू लिंडसे' ही आगबोट बांधली गेली. बोट आपली, इंजिन मात्र इंग्लंडहून आलेलं. अर्देशीर यांना वेड लागलं ते त्या इंजिनाचंच. १८३३ च्या सुमारास, पंचविशीतल्या या तरुणाने मुंबईत एक अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन स्वतः तयार केलं आणि त्यावर विहिरीचं पाणी उपसलं.

एक अश्वशक्ती म्हणजे किती? आपल्या शेतातल्या लहान मोटारीएवढी. वाचताना मलाही त्यात फार काही वाटलं नव्हतं. पण लेथवर उभं राहिल्यावर कळलं! आमच्या सिलिंडरचा बोअर जेमतेम २५ मिलिमीटर. बोअरिंग आणि फेसिंग जॉब न सोडता एकाच सेटिंगमध्ये करावं लागतं. नाहीतर कव्हर बोअरला काटकोनात बसत नाही आणि पिस्टन रॉड अडकतो. स्लाइड व्हॉल्व्हचा फेस काचेवर ग्राइंडिंग पेस्ट लावून घासायचा, निळा रंग लावून उंचवटे शोधायचे, पुन्हा घासायचा. एवढं करूनही कुठेतरी वाफ फुसफुसतेच. जेम्स वॅटचंही घोडं इथंच अडलं होतं. १७७५ च्या सुमारास विल्किन्सनच्या बोअरिंग यंत्राने नीट गोल सिलिंडर दिला, तेव्हा कुठे त्याचं इंजिन धड चाललं. आमच्यापाशी डायल गेज, मायक्रोमीटर, रीमर सगळं आहे. तेव्हाच्या मुंबईत ही सोय कुठली?

अर्देशीर तेवढ्यावर थांबले नाहीत. १८३४ मध्ये त्यांनी माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली. १८३९ मध्ये ते इंग्लंडला गेले, तिथले कारखाने पाहिले. १८४१ मध्ये कंपनी सरकारच्या मुंबईतल्या स्टीम फॅक्टरीचे ते मुख्य इंजिनिअर झाले. हाताखाली गोरे लोक! एका नेटिव्हाला साहेबांवर बसवलेलं काहींना रुचलं नाही. पण त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडलं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे १८५१ मध्ये त्यांनी 'लवजी फॅमिली' ही आगबोट पाण्यात सोडली. तिचे भाग त्यांच्या स्वतःच्या फाउंड्रीत तयार झाले होते. १८५७ मध्ये ते कंपनीच्या नोकरीतून निवृत्त झाले. १८७७ मध्ये इंग्लंडमधल्या रिचमंड इथे त्यांचं निधन झालं. १९६९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

मला मात्र सगळ्यात भिडलं ते वेगळंच. या माणसाजवळ इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. होता तो गोदीतला कसलेला हात, आणि इंग्रजी ग्रंथ वाचून समजून घेणारं डोकं. आपण मात्र या दोन्हींची वाटणी करून टाकली आहे. मोटारीचा शाफ्ट नुसता बोटाने चाचपून दोष सांगणारा गावाकडचा लेथवाला 'मिस्त्री', आणि मित्राचा तयार जॉब दाखवून सबमिशन उरकणारे आपण 'इंजिनिअर'!

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वर्कशॉपच्या तासाला जॉब दुसऱ्याकडून करून घेण्याआधी थोडं थांबा. चक तुम्हीच आवळा, कट तुम्हीच द्या. जॉब बिघडला तर नवा तुकडा मिळेल. पण हातात कसब यायचं तर ते असंच येतं.