कारच्या एसीचा ‘गॅस संपला’ म्हणजे नक्की काय? तो गॅस शोधणाऱ्या थॉमस मिजलीची गोष्ट

मे महिन्यात आमच्या यवतमाळात पारा ४४च्या घरात असतो. अशा दुपारी वणीला नाहीतर पुसदला निघालं आणि कारचा एसी गरम हवा फेकायला लागला, की गाडीतला प्रत्येक जण एकच निदान करतो: गॅस संपला. हे मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी तो गॅस शोधणाऱ्या माणसाबद्दलच वाचायला घेतलं. थॉमस मिजली त्याचं नाव. मित्रांनो, त्याची गोष्ट माहीत असेल तर मेकॅनिकला काय विचारायचं हे तुम्हाला बरोबर कळेल.

मिजलीचा जन्म १८ मे १८८९चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला. १९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला. रसायनशास्त्र तो नोकरीतच शिकला. १९१६ला तो चार्ल्स केटरिंगकडे कामाला लागला. हा केटरिंग म्हणजे कारला हँडल मारण्याच्या कटकटीतून सोडवणारा, इलेक्ट्रिक स्टार्टरवाला.

त्याचं पहिलं मोठं काम एसीचं नव्हतं. त्या काळी इंजिनं खडखडायची, म्हणजे ‘नॉकिंग’ व्हायचं. १९२१ साली मिजलीला कळलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग मिसळलं की हे थांबतं. पण शिसं विषारी. १९२३ला त्याला स्वतःलाच शिशाची बाधा झाली आणि सुट्टी घेऊन आराम करावा लागला. १९२४ला न्यू जर्सीतल्या कारखान्यात याच कामावरचे कामगार दगावले. तरी त्यानं पत्रकारांसमोर त्या द्रवानं हात धुतले आणि मिनिटभर वाफ हुंगून दाखवली. स्वतः आजारी पडून गेलेल्या माणसानं हे करावं, याला माझ्या मते माफी नाही. ते शिसं भारतातल्या पेट्रोलमधून जायला २००० साल उजाडलं.

आता गॅसकडे येऊ. १९२८ साली केटरिंगनं त्याला फ्रिजचं काम दिलं. तेव्हाच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, नाहीतर मिथाइल क्लोराइड असायचं. गळती झाली की घरातली माणसं गुदमरायची, काही जण मरायचीही. न पेटणारा, विषारी नसलेला आणि तरीही सहज उकळून थंडावा देणारा वायू हवा होता. मिजली आणि त्याचे सहकारी मूलद्रव्यांची सारणी घेऊन बसले आणि काही दिवसांतच फ्लोरिनवर आले. पहिला नमुना बनवला, गिनीपिगला हुंगवला, तो मजेत राहिला. गंमत म्हणजे, कच्च्या मालाच्या मोजक्याच बाटल्या होत्या आणि त्यांतली एकच शुद्ध निघाली. बाकीच्यांपासून बनलेल्या वायूत फॉस्जिन हा जीवघेणा वायू तयार होत होता. पहिल्यांदा हातात दुसरी बाटली आली असती, तर त्यानं हा नाद तिथंच सोडला असता. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्यानं हा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. एकाच श्वासात दाखवून दिलं: विषारी नाही, पेटतही नाही. हाच फ्रिऑन, आर-१२.

१९४०च्या मॉडेलसाठी पॅकार्ड कंपनीनं कारखान्यातून एसी बसवलेली कार आणली, तिच्यातही हाच गॅस. त्या एसीला कॉम्प्रेसरचा क्लचच नव्हता. कायमचा बंद ठेवायचा तर बॉनेट उघडून बेल्ट काढायचा!

आता मुद्द्याचं. हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, त्यामुळे ‘खर्च’ होत नाही. तोच गॅस कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि इव्हॅपोरेटर असा बंद चक्रात फिरतो. रबरी पाइपांतून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, ते वेगळं. पण यंदा भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यात संपला, तर कुठंतरी गळती आहे. सल्फर डायऑक्साइड गळला की नाक लगेच सांगायचं. मिजलीच्या गॅसचा गुण हाच की तो त्रास देत नाही, आणि अडचणही हीच: गळती कळतच नाही. माझ्या मामांच्या गाडीत ओळीनं तीन उन्हाळे गॅस भरला गेला. दोष निघाला एका जॉइंटच्या रबरी रिंगमध्ये.

पण आधी गॅसवरच संशय घेऊ नका. गाडी पळताना थंड आणि सिग्नलला गरम हवा येत असेल, तर कंडेन्सरचा फॅन बघा, जाळी बघा. आपल्याकडे कापसाचं लिंट आणि वणीकडची कोळशाची धूळ त्या जाळीत गच्च बसते. मोबाइलचा टॉर्च मारला की दिसते. हलक्या धारेच्या पाण्यानं धुवा. जोराच्या प्रेशरनं पत्र्या वाकतात. हवा थंड आहे पण कमी येतेय, तर केबिन फिल्टर तुंबलाय. एसी लावल्यावर कॉम्प्रेसरचा क्लच टक्क वाजत नसेल, तर फ्यूज किंवा रिले गेला असेल. गॅस फार कमी झाला तरी प्रेशर स्विच कॉम्प्रेसर चालू होऊ देत नाही. पाइपच्या जॉइंटवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर तिथं गळतीचा संशय घ्या, कारण गॅससोबत तेलही फिरतं. पाइप मात्र स्वतः खोलू नका, बाहेर पडणारा गॅस कातडी गोठवतो. मेकॅनिकला सांगा: आधी गळती शोधा, मग व्हॅक्यूम करा, मग वजन करून भरा.

१९४० साली मिजलीला पोलिओ झाला. बिछान्यातून उठायला त्यानं दोऱ्या आणि पुलींचं यंत्र बनवलं. २ नोव्हेंबर १९४४ला त्यातच अडकून तो गेला, वय ५५. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं की त्याचा गॅस आकाशात ओझोनचा थर खातो; १९८५ला अंटार्क्टिकावर ओझोनचं छिद्र जाहीर झालं; १९८७ला माँट्रियल करार झाला. कारमध्ये मग आर-१३४ए आला. तो ओझोनला त्रास देत नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडवतो. म्हणजे तीन उन्हाळे गळालेला गॅस मामांच्या खिशालाच नाही, आपल्या उन्हालाही लागतो.

बॉनेटखाली एक स्टिकर असतो. त्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅममध्ये वजन असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. जुनी गाडी असेल आणि त्यावर आर-१२ लिहिलं असेल, तर नुसता नवा गॅस भरू देऊ नका, तेलही बदलावं लागतं.