बेडफर्डच्या तुरुंगातील बंदिवान

हरि केशवजी यांनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ या नावाने जे पुस्तक मराठीत आणिले, त्याचा मूळ कर्ता जॉन बन्यन हा कोणी मोठा पंडित असावा, असे आमच्या पुष्कळ वाचकांस वाटत असेल. तसे मुळीच नव्हते. इंग्लंडात बेडफर्ड शहरानजीक एल्स्टो नावाच्या खेड्यात १६२८ साली त्याचा जन्म झाला. बाप फुटकी भांडी सांधण्याचे काम करी, आणि मुलानेही तोच धंदा उचलिला. हा धंदा त्या देशी हलका मानीत असत. शाळेत तो लिहिण्यावाचण्यापुरते शिकला. त्याचे लग्न झाले तेव्हा घरात धड भांडेकुंडेही नव्हते. बायकोने माहेराहून दोन धर्मपुस्तके आणिली होती, तेवढीच काय ती त्यांची दौलत.

एके दिवशी तो कामानिमित्त बेडफर्डास गेला असता काही गरीब बायका दारात उन्हाला बसून, देवाने आपल्या अंतःकरणात काय केले, याविषयी आपसांत बोलत होत्या. बन्यनास धर्माच्या गोष्टी बोलण्याची हौस होती. परंतु या बायकांचे बोलणे ऐकून आपणांस नव्या जन्माची ओळखच नाही, हे त्यास कळून चुकले. (दारात बसून बायका काय बोलतात यास आम्ही क्षुल्लक समजतो, ते बरे नव्हे.) पुढे कित्येक वर्षे त्याच्या मनात मोठी तळमळ चालली. शेवटी ख्रिस्ताच्या पुण्याईवर विसंबून त्यास शांति मिळाली, आणि तो त्या लहानशा मंडळीत सामील होऊन उपदेश करू लागला.

१६६० साली दुसरा चार्लस राजा गादीवर आला. सरकारमान्य चर्चबाहेर सभा भरवून उपदेश करणारांस शिक्षा देण्याचा जुना कायदा पुन्हा चालू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या १२ तारखेस बन्यन एका खेड्यात उपदेशास गेला. पकडण्याचा हुकूम निघाला आहे, हे त्यास अगोदर कळले होते. सभा मोडून जावे, असेही कोणी सुचविले. पण उपदेशकच पळाला तर नव्या, दुर्बळ विश्वासणाऱ्यांनी काय करावे, असा विचार करून तो तेथेच राहिला व पकडला गेला.

उपदेश सोडतो एवढे वचन दिले असते तर त्यास घरी जाता आले असते. त्याची पहिली बायको वारली होती. दुसरी, एलिझाबेथ, गरोदर होती. नवऱ्यास धरिल्याचे ऐकून ती अकाली बाळंत झाली आणि मूल दगावले. सावत्र लेकरे चार, त्यांतील थोरली मेरी आंधळी. अशा स्थितीत ही तरुण बाई १६६१ च्या ऑगस्टात न्यायाधीशांपुढे स्वतः उभी राहिली. तुझा नवरा उपदेश सोडील काय, असे विचारिल्यावर, बोलण्याची शक्ति आहे तोवर तो सोडणार नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. सर मॅथ्यू हेल या न्यायाधीशास तिची दया आली, तरी सुटका झाली नाही. बन्यनाच्या त्यागाची गोष्ट सांगताना लोक या बाईस विसरतात; आमच्या मते अर्धा भार तिने वाहिला.

तुरुंगात बन्यन जोड्यांच्या नाड्या करून विकी व कुटुंबास पैसे पाठवी. आंधळ्या मेरीची आठवण त्यास सर्वांहून अधिक जाळी. आपण फार धैर्यवान होतो, असे त्याने कोठेही लिहिले नाही. उलट, फाशी झाली तर शिडीवर चढताना आपले पाय लटपटतील आणि सुवार्तेस बट्टा लागेल, ही भीति त्यास कित्येक दिवस होती. आत समाधान नाही, प्रार्थना कोरडी, असे असताही त्याने ठरविले की, देव आपणांस सांत्वन देवो अथवा न देवो, आपण त्यास सोडावयाचे नाही. हे ठरल्यावर त्याचे मन मोकळे झाले. दार बंदच होते. पण भयाची बेडी गळून पडली.

तो बारा वर्षे तेथे राहिला. आरंभी तुरुंगाधिकारी त्यास मधून मधून बाहेर जाऊ देई, आणि तो तेवढ्यात उपदेश करून परत येई; पुढे ही मोकळीक बंद झाली. १६७२ साली तो सुटला व त्याच मंडळीचा पाळक झाला. नंतर पुन्हा काही महिने तुरुंग भोगिला. ‘यात्रिकक्रमण’ मूळ इंग्रजीत १६७८ साली छापून निघाले.

१६८८ च्या ऑगस्टात एक बाप व त्याचा मुलगा यांच्यात वितुष्ट आले होते. त्यांचा समेट करण्यास बन्यन घोड्यावर बसून रेडिंग शहरी गेला. समेट झाला. तेथून लंडनास जाताना मुसळधार पावसात तो भिजला, तापाने पडला, आणि ३१ तारखेस एका मित्राच्या घरी प्रभूमध्ये निजला.