थोर शास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी



आपण शाळेत दुपारी खिचडी खातो. कधी मुगाची असते, कधी मटकीची उसळ असते. या मुगात, मटकीत, वालात काय असते आणि ते अंगी कसे लागते, याचा अभ्यास करणाऱ्या एक थोर बाई होऊन गेल्या. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी. त्या औषध देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. खूप शिकून, स्वतः शोध लावून पीएच.डी. नावाची मोठी पदवी मिळते. ती मिळाली की नावापुढे डॉक्टर लिहितात, असे आमच्या बाईंनी सांगितले.

कमलाबाईंचा जन्म सन १९११ मध्ये इंदूर येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव भागवत. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्र शिकलेले होते. ते बंगळूरच्या मोठ्या विज्ञान संस्थेत शिकले होते. जमशेटजी टाटांच्या देणगीतून ती संस्था निघाली, म्हणून लोक तिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणत. आपणही तिथंच शिकायचं असं कमलाबाईंनी मनात धरलं.

सन १९३३ मध्ये त्या मुंबईला बी.एस्सी. झाल्या. त्यांना मार्कही चांगले पडले. मग त्यांनी बंगळूरला अर्ज केला. तेव्हा त्या संस्थेचे प्रमुख सर सी. व्ही. रामन होते. त्यांना सन १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आपण त्यांचाच फोटो लावतो आणि हार घालतो. पण रामन यांनी कमलाबाईंचा अर्ज नाकारला. का, तर त्या मुलगी होत्या. मला आधी हे खरंच वाटेना. मी बाईंना विचारलं, हे भित्तिपत्रकात लिहू का? बाई म्हणाल्या की लिही, मोठ्या माणसांचीही चूक होते, ती लपवायची नसते.

कमलाबाई रडत घरी बसल्या नाहीत. त्या थेट बंगळूरला गेल्या आणि रामन यांनाच कारण विचारलं. गांधीजींसारखा सत्याग्रह धरला. शेवटी त्यांना घेतलं, पण अटी घातल्या. पहिले एक वर्ष नुसते काम बघणार, ते पसंत पडले तरच पुढचे. आणि मुलग्यांच्या अभ्यासात त्यांच्यामुळे अडचण येता कामा नये. कमलाबाईंना हा अपमान वाटला. म्हातारपणीसुद्धा त्या तो विसरल्या नव्हत्या. पण शिकायचं होतं म्हणून त्यांनी अटी मान्य केल्या.

तिथं श्रीनिवासय्या नावाचे शिक्षक होते. ते फार कडक होते पण शिकवायचे मनापासून. कमलाबाईंनी दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले. प्रथिनांमुळे आपले अंग भरते आणि वाढ होते. वर्षभराने रामन यांची खात्री पटली. सन १९३६ मध्ये कमलाबाई एम.एस्सी. झाल्या. मग रामन यांनी दुसऱ्या मुलींनाही संस्थेत घेतलं.

सन १९३७ मध्ये त्या इंग्लंडला केंब्रिज येथे गेल्या. तिथं हॉपकिन्स नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल त्यांना नोबेल मिळाले होते. कमलाबाईंनी बटाट्यावर प्रयोग केले. आपण श्वास घेतो तशा वनस्पतीही घेतात. त्या कामात सायटोक्रोम सी नावाचा पदार्थ लागतो. तो बटाट्यात असतो हे त्यांनी शोधून काढले. सन १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. त्यांचा प्रबंध फक्त ४० पानांचा होता. आपली दुरेघी वहीसुद्धा त्याहून जाड असते! शास्त्र विषयात अशी पदवी मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांत त्यांचे नाव आहे.

त्याच वर्षी त्या भारतात परत आल्या. आधी दिल्लीला मेडिकल कॉलेजात शिकवलं, मग कुन्नूर येथील आहार संशोधनाच्या प्रयोगशाळेत काम केलं. सन १९४७ मध्ये त्यांचे लग्न झाले आणि त्या मुंबईला आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी पुष्कळ विद्यार्थी घडवले. कच्च्या कडधान्यांत असे पदार्थ असतात की ते प्रथिने नीट पचू देत नाहीत. शिजवल्यावर त्यांचा जोर कमी होतो. अशा पदार्थांचाही कमलाबाईंनी अभ्यास केला. माझी आजी कच्चे वाल तोंडात टाकू देत नाही, पोट दुखेल म्हणते. आता मला त्याचे कारण कळले.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सांगण्यावरून त्यांनी ताडाच्या नीरेवर संशोधन केले. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असते असे त्यांना आढळले. गरीब आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना त्याचा उपयोग व्हावा, असा त्यांचा हेतू होता. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. पुढे त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या, पण त्यासाठीही त्यांना बरीच वाट बघावी लागली. दुकानात गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये म्हणून सन १९६६ मध्ये मुंबईत एक ग्राहक संस्था निघाली, तिच्या स्थापनेतही त्या होत्या. सन १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला ओढ्यापलीकडच्या गावाला चालत जावे लागते. माझ्या मैत्रिणीला पाठवायचे की नाही, हे तिच्या घरी अजून ठरलेले नाही. तिची आजी नको म्हणते. आजीला वाचता येत नाही, म्हणून रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन हा लेख वाचून दाखवणार आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी