बिदरचा ख्वाजा महमूद गावान

मुडबीकरांना बिदर नवे नाही. कचेरीचे काम, दवाखाना, लग्नाची खरेदी, काही ना काही निमित्ताने आपण तिथे जातोच. चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे निघालो की वाटेत मदरशाचा मिनार दिसतो. दुसरा मिनार कुठे गेला, हा मुलांचा ठरलेला प्रश्न. मराठी घरांत बिदरच्या बादशहाची ओळख दामाजीपंतांच्या कथेतून होते. त्याच्या वजिराची गोष्ट मात्र आपण मुलांना सांगत नाही. ती सांगायला हवी.

इटलीत मेदिची घराण्याच्या आश्रयाने चित्रे आणि ग्रंथ बहरत होते, त्याच काळातली ही गोष्ट. महमूद गावान कास्पियन समुद्राकाठच्या गिलानचा, जन्म १४११ चा. वयाच्या चाळिशीनंतर, १४५३ च्या सुमारास, तो व्यापारी म्हणून दाभोळ बंदरात उतरला आणि बिदरला आला. पुढे दिल्लीला जायचा त्याचा विचार होता, पण सुलतान अलाउद्दीन अहमदने त्याला ठेवून घेतले.

पुढच्या तीन सुलतानांच्या काळातही तो दरबारात राहिला. त्यातला निजामशहा तर गादीवर आला तेव्हा आठ वर्षांचा होता. गावानने कोकणची मोहीम केली, १४७२ मध्ये गोवा घेतला. पण आम्हाला त्याची मोठी कामगिरी वाटते ती कारभारातली. चार तरफांच्या त्याने आठ केल्या आणि प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला. अशा माणसाला शत्रू होणारच. स्वतः मात्र तो चटईवर झोपे आणि मातीच्या भांड्यांत शिजलेले जेवी, असे फरिश्ता सांगतो. त्याच्या तीन मजली मदरशात सुमारे तीन हजार हस्तलिखिते होती.

शत्रूंनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या हबशाला फितवले आणि कोऱ्या कागदावर गावानची मोहर उठवून घेतली. मग त्यावर ओरिसाच्या राजाला चढाईचे आमंत्रण लिहिले. महंमदशहाची छावणी तेव्हा कोंडपल्लीला होती. बोलावणे आले तेव्हा हितचिंतकांनी गुजरातला निसटून जा म्हणून विनवले, तरी गावान गेला. मोहर माझी आहे, पत्र माझे नाही, एवढेच त्याने सांगितले. ५ एप्रिल १४८१ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. वय सत्तरच्या घरात.

नंतर घराची झडती घेतली तर साठवलेले धन निघालेच नाही. सुलतानाला चूक कळली, पण वेळ गेली होती. वर्षाच्या आत तोही गेला. त्या राज्याची पुढे पाच शकले झाली.

आणि तो दुसरा मिनार? औरंगजेबाच्या अमलात मदरशात दारूगोळा ठेवला होता. १६९६ मध्ये त्याचा भडका उडाला आणि मिनारासह इमारतीचा मोठा भाग कोसळला. उरलेल्या मिनारावर निळ्या फरशांचे तुकडे अजून आहेत. गावानची कबर शहराबाहेर गोरनळ्ळीजवळ आहे, अगदी साधी. पुढच्या खेपेला मुलांना तिथेही न्या.