उशिरा लागलेली नोंद

अमेरिकेत वेगवेगळ्या काळातले बेसबॉल संघ जुन्या आकड्यांवरून संगणकावर एकमेकांशी खेळवतात. त्यातलं एक नाव मला चटका लावून गेलं, जोश गिब्सन. जन्म १९११ चा, जॉर्जियातला. १९३० मध्ये बायको हेलन जुळ्यांच्या बाळंतपणात गेली. जोश तेव्हा अवघा १८ वर्षांचा! पुढे तो मोठा तडाखेबंद फलंदाज झाला. पण कातडी काळी, म्हणून गोऱ्यांच्या मुख्य लीगचं दार बंदच राहिलं. जानेवारी १९४७ मध्ये, ३५ व्या वर्षी तो गेला. एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सनसाठी तेच दार उघडलं. २०२४ मध्ये कृष्णवर्णीय लीगचे आकडे अधिकृत नोंदीत आले, आणि ०.३७२ सरासरीनं जोश सगळ्यांच्या वर गेला. संगणकावर तो आता कोणत्याही संघापुढे उभा राहतो. पण मला वाटतं, हक्काचं ते माणसाला तो असतानाच मिळायला हवं, नाही का?