संत लुसी : सिराकुसा नगरीची कन्या

डोळ्यांचे दुखणे आले की आपल्या भाविकांच्या ओठी संत लुसीचे नाव येते. हातातील तबकात दोन डोळे घेतलेली तिची मूर्ती आपल्या परिचयाची आहे. परंतु तिच्या रक्तसाक्षित्वाचा जो सर्वांत जुना वृत्तांत आपल्या हाती आहे, त्यात डोळ्यांची कथा मुळी नाहीच. ती पुढील शतकांत जोडली गेली. लुसी हे नाव प्रकाशवाचक लॅटिन शब्दापासून आलेले असल्याने तसे घडले असावे. मग ही कुमारिका होती तरी कोण? हे जाणण्यासाठी १३ डिसेंबरच्या तिच्या सणानिमित्त आम्ही वाचकांना तिच्या जन्मगावी घेऊन जात आहोत.

इटलीच्या सिसिली बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर सिराकुसा हे १ लाखाहून अधिक वस्तीचे शहर आहे. ग्रीकांनी वसविलेल्या या बंदरात संत पौल बंदिवान म्हणून रोमला जाताना तीन दिवस थांबले होते. शहराचा जुना भाग ओर्तिजिया नावाच्या चिमुकल्या बेटावर असून तेथील कथेड्रल पाहताना कोणीही थबकेल. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात उभारलेल्या अथेना देवीच्या मंदिराचे भव्य स्तंभ आजही त्याच्या भिंतींत स्पष्ट दिसतात.

परंपरेनुसार लुसी एका श्रीमंत घराण्यात जन्मली. वडील लवकर वारले. आई युटिकिया दीर्घकाळ रक्तस्रावाने आजारी होती. मायलेकी कातानियाला संत आगाथाच्या कबरीकडे यात्रेला गेल्या. आगाथा त्यापूर्वी सुमारे ५० वर्षे, इ. स. २५१ मध्ये रक्तसाक्षी झाली होती. तेथे आईला आरोग्य लाभले आणि लुसीने मनातील निश्चय तिला सांगितला : विवाह करायचा नाही आणि हुंड्यासाठी ठेवलेली सारी मालमत्ता गोरगरिबांना वाटून टाकायची. आईने सुचविले की, आपल्या मृत्यूनंतर हे दान करावे. लुसीला ते पटले नाही. मरताना जे सोबत नेता येत नाही ते देण्यात कसले दान, असा तिचा रोख होता. आमच्या मते तिच्या चरित्राचा गाभा येथेच आहे, आणि नेमका हाच भाग प्रवचनांतून क्वचित ऐकू येतो!

मालमत्ता विकली जाऊ लागताच तिच्याशी विवाह करू इच्छिणारा तरुण संतापला आणि ती ख्रिस्ती असल्याची खबर त्याने अधिकारी पास्कासियुस याला दिली. तो सम्राट डायोक्लेशियनच्या छळाचा काळ होता. तिला वेश्यागृहात पाठविण्याची आज्ञा झाली. मात्र बैलांच्या जोड्या लावूनही ती जागची हलली नाही, असे वृत्तांत सांगतो. अखेर इ. स. ३०४ च्या सुमारास तिचा वध झाला.

वृत्तांतातील चमत्कारांविषयी कोणी शंका घेतली, तरी तिच्या भक्तीचे प्राचीनत्व निर्विवाद आहे. १८९४ मध्ये सिराकुसाच्या भूमिगत दफनभूमीत सुमारे इ. स. ४०० चा एक ग्रीक शिलालेख सापडला. युस्किया नावाच्या स्त्रीचा मृत्यू संत लुसीच्या सणादिवशी झाला, अशी त्यात नोंद आहे. मिस्साबलिदानातील पहिल्या महाप्रार्थनेतही आगाथाबरोबर लुसीचे नाव घेतले जाते.

१६४६ च्या दुष्काळात धान्याचे जहाज बंदरात आले, ते तिच्याच मध्यस्थीने, अशी नगरवासीयांची श्रद्धा आहे. भुकेल्या लोकांनी गहू दळण्याचीही वाट न पाहता तो उकडून खाल्ला म्हणे. त्या आठवणीने सिसिलीत तिच्या सणाला कुच्चिया हा उकडलेल्या गव्हाचा गोड पदार्थ करतात. आपल्या गव्हाच्या खिरीचीच आठवण व्हावी. त्याच दिवशी तिची १५९९ मधील चांदीची मूर्ती मिरवणुकीने कथेड्रलमधून तिच्या कबरीजवळच्या चर्चला नेली जाते व २० डिसेंबरला परत येते. याच चर्चसाठी चित्रकार काराव्हाज्जो याने १६०८ मध्ये तिच्या दफनविधीचे चित्र रंगविले. त्यात कबर खोदणारे दोन धिप्पाड मजूर पुढे असून संत लुसी त्यांच्यामागे जमिनीवर निपचित पडलेली आहे.

मात्र त्या कबरीत तिचा देह नाही. अकराव्या शतकात बायझंटाईन सेनापती मानियाकेस याने तो कॉन्स्टँटिनोपलला नेला आणि पुढे तो व्हेनिसकरांच्या हाती पडला, असे परंपरा सांगते. व्हेनिसमधील तिचे चर्च रेल्वे स्थानकासाठी पाडले गेले. स्थानकाला मात्र सांता लुचिया हेच नाव राहिले! देह जवळच्या सान जेरेमिया चर्चमध्ये हलविण्यात आला. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये तो चोरीला गेला आणि सापडला तो नेमका १३ डिसेंबरला. २००४ च्या डिसेंबरमध्ये हा देह काही दिवसांसाठी सिराकुसाला आणण्यात आला, तेव्हा सारे शहर स्वागताला लोटले. २०१४ व २०२४ मध्येही तशीच भेट घडली. प्रत्येक वेळी तो पुन्हा व्हेनिसला परतला आणि सिराकुसाचे भाविक आजही रिकाम्या कबरीपाशी गुडघे टेकतात.