कंपनी सरकार मुंबईतून हाकलायला निघालं होतं, पण हा अमेरिकन मिशनरी इथेच राहिला आणि इथल्याच मातीत गेला

मुंबईत अमेरिकन माणूस म्हटलं की आज डोळ्यासमोर येतं वांद्रे-कुर्ला संकुलातलं वकिलातीचं ऑफिस आणि व्हिसासाठी लागलेली रांग. पण दोनशे वर्षांपूर्वी रांग उलटी होती. अमेरिकन माणसाला मुंबईत राहायला परवानगी हवी होती आणि ती कुणी द्यायला तयार नव्हतं.

त्या माणसाचं नाव गॉर्डन हॉल. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजात हे नाव आजही आदराने घेतलं जातं. बाकीच्यांना ते फारसं माहीत नाही. पण मराठी छापखाने, मुलींच्या शाळा, माहीमपासून नगरपर्यंतची मिशनची कामं, यातलं काहीही काढलं तरी धागा त्यांच्यापर्यंत जातो.

हॉल यांचा जन्म १७८४ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या टॉलंड गावचा. विल्यम्स कॉलेजातून ते १८०८ साली पदवीधर झाले. पुढे धर्मशिक्षण घेतलं. हुशार होते, एका चर्चची चांगली नोकरी चालून आली होती. ती त्यांनी नाकारली. कारण डोक्यात एकच गोष्ट होती, आशियात जायचं.

आता प्रश्न पडतो की घरदार सोडून इतक्या लांब यायची एवढी घाई कशासाठी?

भविष्यवाणीचं गणित

याचं उत्तर बायबलच्या अर्थात आहे. बायबलमध्ये यशया, दानीएल आणि प्रकटीकरण अशी काही पुस्तकं आहेत, ज्यात पुढे काय घडणार याची वर्णनं येतात. सगळी पृथ्वी देवाच्या ज्ञानाने भरून जाईल, हजार वर्षांचं शांतीचं राज्य येईल, शुभवर्तमान सगळ्या राष्ट्रांपर्यंत पोचल्यावरच शेवट येईल, अशी ती वर्णनं.

या मजकुराचा अर्थ कसा लावायचा यावर तेव्हा अमेरिकेत दोन टोकाचे विचार होते. एक विचार असा की ख्रिस्त अमुक वर्षी येणार, तारीख काढा आणि वाट बघा. विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने पुढे असंच गणित मांडलं. त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. ती आली, गेली आणि हजारो लोकांची घोर निराशा झाली.

दुसरा विचार असा की ते शांतीचं राज्य आपोआप अवतरणार नाही. माणसांनी कामाला लागायला हवं, जगभर शिक्षण आणि शुभवर्तमान पोचवायला हवं, मग ते दिवस उजाडतील. हॉल ज्या पिढीत वाढले, तिथल्या मिशनरी मंडळींचा विश्वास या दुसऱ्या वाटेवर होता. त्यांच्यासाठी भविष्यवाणी म्हणजे अंगावर घेतलेली जबाबदारी होती.

मुंबईत पाऊल टाकलं आणि हुकूम आला, परत जा

फेब्रुवारी १८१२ मध्ये हॉल आणि त्यांचे सोबती अमेरिकेतून जहाजाने निघाले आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्याला पोचले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना लगेच देश सोडायला सांगितलं. कंपनीला मिशनरी नकोच होते. धर्माच्या कारणाने शिपाई बिथरतात आणि धंदा बुडतो, ही भीती १८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर कायम होती. त्यात भर म्हणजे १८१२ सालीच इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध पेटलं. म्हणजे ही मंडळी आता शत्रूराष्ट्राची नागरिक झाली.

हॉल आणि त्यांचे सहकारी सॅम्युअल नॉट कलकत्त्याहून कसेबसे निसटले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. इथेही तोच हुकूम. मध्ये एकदा ते कोचीनपर्यंत निसटले, तिथून त्यांना परत आणलं गेलं. वर्षाच्या शेवटी तर इंग्लंडला रवानगी पक्की झाली होती.

तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते सर इव्हान नेपियन. हॉल यांनी त्यांना एक अर्ज लिहिला. रडगाणं नव्हतं त्यात. आम्हाला हाकलणं हे तुमच्याच धर्माच्या विरोधात जाईल, याचं उत्तर देवासमोर द्यावं लागेल, असा सरळ मुद्दा होता. नेपियन स्वतः श्रद्धाळू होते. रवानगी थांबली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण करताना मिशनऱ्यांना वाट मोकळी केली आणि हॉल मुंबईकर झाले.

माहीमच्या टोकापर्यंत

राहायला मिळालं, पण बोलायचं कुणाशी? हॉल मराठी शिकले. नुसती कामापुरती नाही, रस्त्यात, बाजारात, देवळाच्या आवारात उभं राहून तासभर बोलता येईल इतकी. लोक ऐकायचे, वाद घालायचे, टिंगल करायचे आणि निघून जायचे.

मूर्तिपूजेवर टीका करणाऱ्या परक्या माणसाचं बोलणं लोकांना पटणं कठीणच होतं. पुढच्या काळात मिशनरी आणि शास्त्रीमंडळी यांच्यात जे मोठे जाहीर वाद रंगले, त्यांची ही सुरुवात म्हणायला हरकत नाही.

१८१८ मध्ये दोन गोष्टी घडल्या. पेशवाई संपली आणि मुंबई बेटाच्या पलीकडचा मुलूख खुला झाला. त्याच वर्षी अमेरिकेतून नव्या दमाची माणसं आली. त्यातले जॉन निकोल्स ठाण्याला गेले आणि अॅलन ग्रेव्ह्ज माहीमला.

माहीम का? नकाशा बघितला की कळतं. तेव्हा मुंबई बेट माहीमला संपायचं. पुढे खाडी. आजचा माहीम कॉजवे नव्हता, तो झाला १८४० च्या दशकात. वांद्र्याला जायचं तर होडी. त्यामुळे साष्टीकडे जाणारे-येणारे माहीमवरून जायचे. शिवाय गावात मखदूम अली माहिमी यांचा दर्गा, पोर्तुगीज काळापासूनचं सेंट मायकल चर्च आणि हिंदू वस्ती. एवढ्याशा गावात सगळे धर्म. मिशनने इथे ठाण मांडलं, ग्रेव्ह्ज दांपत्य तिथे राहिलं आणि शाळांचं काम सुरू झालं.

मिशनच्या शाळांत एक गंमत होती. शिक्षकांमध्ये बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू होते. बायबलच्या भविष्यवाण्यांमध्ये ज्यूंना फार मोठं स्थान आहे. ज्यांच्याबद्दल हे मिशनरी पुस्तकात वाचून आले होते, तीच माणसं इथे त्यांच्या शाळेत मराठी पोरांना मुळाक्षरं शिकवत होती.

साठ कोटी माणसांचा हिशोब

१८१८ मध्येच हॉल आणि त्यांचे सहकारी सॅम्युअल न्यूवेल यांनी मुंबईत बसून लिहिलेलं एक पुस्तक अमेरिकेत छापलं गेलं. विषय होता सगळ्या जगाचं धर्मांतर. जगात साठ कोटी लोक ख्रिस्ती नाहीत, त्यांच्यापर्यंत पोचायला तीस हजार मिशनरी लागतील, असा सरळ हिशोब त्यात मांडला होता. भविष्यवाणीला त्रैराशिक लावण्याचाच प्रकार होता हा.

हा हिशोब मांडणाऱ्यांची अवस्था काय होती? न्यूवेल यांची बायको हॅरिएट १८१२ मध्येच मॉरिशस बेटावर वारली होती, वय अवघं १९. स्वतः न्यूवेल १८२१ मध्ये मुंबईत कॉलऱ्याने गेले. निकोल्स १८२४ मध्ये गेले. १८२५ मध्ये हॉल यांनी पत्नी मार्गारेट आणि दोन मुलांना अमेरिकेला पाठवलं. त्यातला एक मुलगा प्रवासातच दगावला. हॉल मुंबईतच थांबले.

आणि धर्मांतरं? तेरा वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

शेवटची औषधं वाटून टाकली

मार्च १८२६ मध्ये हॉल नाशिककडे निघाले. सोबत मिशनच्या शाळेतली दोन मुलं, पुस्तकं आणि थोडी औषधं. नाशिकला पोचले तर कॉलऱ्याने थैमान घातलेलं. रोज माणसं मरत होती. हॉल यांनी उपदेश केला, पुस्तकं वाटली आणि जवळची औषधंही वाटली.

परतीच्या वाटेवर एका गावात, देवळाच्या ओसरीवर ते रात्री झोपले. २० मार्चला पहाटे त्यांनाच कॉलऱ्याने गाठलं. औषधं जवळपास संपली होती. काही तासांत सगळं आटोपलं. वय ४१. त्या दोन मुलांनीच खड्डा खणून त्यांना पुरलं. शवपेटी नव्हती, धर्मगुरू नव्हता.

त्याच वर्षी त्यांच्या मिशनचा मराठी नवा करार छापून पुरा झाला.

मग हिशोब चुकला का?

आकड्यांत बघितलं तर साफ चुकला. साठ कोटी सोडा, मुंबई बेटावरचे साठ लोकही त्यांच्या हयातीत ख्रिस्ती झाले नाहीत.

पण मिशनने १८१६-१७ मध्ये जो छापखाना मुंबईत घातला, तो देवनागरी छपाई करणाऱ्या शहरातल्या सुरुवातीच्या छापखान्यांपैकी एक होता. ते काम बघून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना काढला आणि पंचांग छापलं. याच मिशनच्या छापखान्यात अक्षरं पाडायला शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर उभा केला, जिथून संस्कृत ग्रंथ देशभर गेले. जो छापखाना हिंदू धर्मावर टीका करायला आला होता, त्याच्याच हुन्नरातून हिंदूंची पोथी-पंचांगं घरोघर पोचली.

१८२४ मध्ये याच मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. पुढे त्यासाठी सिंथिया फरार आल्या, नंतर त्या नगरला गेल्या. त्यांच्या नगरच्या शाळेने जोतीराव फुले प्रभावित झाले आणि सावित्रीबाईंनी तिथे प्रशिक्षण घेतलं. १८४२ मध्ये मिशनने 'ज्ञानोदय' हे नियतकालिक काढलं. रेव्हरंड ना. वा. टिळकही याच मिशनशी जोडले गेले.

हॉल यातल्या बहुतेक गोष्टी बघायला नव्हते. ज्या कारणासाठी ते आले, ते झालं नाही. जे झालं, ते त्यांच्या हिशोबात नव्हतं. पण तारखा मोजत बसलेल्या मिलरच्या हाती १८४४ मध्ये फक्त निराशा उरली, आणि कामाला लागलेल्या हॉल यांच्या मागे मराठीची खिळ्यांची अक्षरं उरली.